तू दाराबाहेर बसलीस तेव्हा

प्रणाली,

मंगळवारी मी टेबल लावलं. तू गेल्यावर पहिल्यांदाच. ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात, आपल्या नेहमीच्या जागी. शिपाईकाकांनी न विचारता दोन खुर्च्या आणून ठेवल्या. एकच हवी होती. पाटी लावली: ‘फोनवर कोणी फसवलं, घाबरवलं, धमकावलं तर इथे या. विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थीच.’ एक ते तीन बसले. कोणी आलं नाही. एक मुलगी थांबली, पाटी वाचली, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि वर्गात निघून गेली. तीन वाजता मी पाटी काढून पिशवीत घातली. मग उगाच आणखी अर्धा तास बसून राहिले, कारण घरी जाऊन करायचं काय, हे मला कळत नव्हतं.

लोक मला तुझ्याबद्दल विचारतात. ‘किती वर्षांची होती?’ ‘सिकलसेल होता म्हणे, तो रक्ताचा आजार?’ मी उत्तरं देते. ती उत्तरं खरी असतात, पण त्यांत तू कुठेच नसतेस.

तू पहिल्यांदा दिसलीस ती माझ्या फोनवर आलेला एक हात म्हणून. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, ग्रंथालय. मी घरबसल्या करायच्या इंटर्नशिपचा फॉर्म भरत होते. कंपनी बाहेरगावची, पत्रावर छान शिक्का. आधारकार्डाचा फोटो टाकणार, एवढ्यात मागून एक सावळा, हडकुळा हात आला आणि सरळ स्क्रीनवर पडला.

“थांब वं. आधार कोण मांगून राहिलं?”

“कंपनी.”

“तुले बोलावलं बी नाही अजून. मंग कंपनीले तुह्या आधाराचा फोटो कायले लागते?”

मला राग आला होता. आज कबूल करते, त्या रागात फक्त आगाऊपणाचा राग नव्हता. मी नागपूरच्या नंदनवनातली, घरी दोन कॉम्प्युटर असलेली, वडील ऑफिसात हेडक्लार्क. आणि तू उमरेडहून एसटीनं येणारी, गळ्यात पास लटकवलेली, ‘मले-तुले’ बोलणारी. तू मला शिकवणार? मी फोन ओढून घेतला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. तिथे बसून त्या कंपनीचा पत्ता शोधला. त्या पत्त्यावर मंगल कार्यालय होतं. दहा मिनिटांनी परत तुझ्याशेजारी येऊन बसले. ‘पाह्यलं ना?’ असं तू म्हणाली नाहीस. तू फक्त शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवलीस.

मग त्या आठवड्यात कधीतरी तू मला तुझी गोष्ट सांगितलीस. बी.एस्सी.ला असताना शिष्यवृत्तीच्या कार्यालयातून म्हणून फोन आला, अर्जात चूक आहे म्हणाले, आणि तू फोनवर आलेला ओटीपीचा आकडा वाचून दाखवलास. वर्षाची शिष्यवृत्ती गेली. त्याचं तुला तेवढं वाईट वाटलं नव्हतं. “आठ दिवस मी आईले सांगतलंच नाही,” तू म्हणालीस. “मले वाटे, मीच चोरी केली. आई ताट वाढे, मी खाली मान घालून जेवो. ते आठ दिवस लय वाईट होते वं, मुग्धा. पैशापेक्षा वाईट.”

टेबलाची कल्पना त्या आठ दिवसांतून आली, हे मला फार उशिरा समजलं. मला वाटायचं, आपण माहिती द्यायला बसतो. तू तर कोणीतरी आठ दिवस एकटं राहू नये म्हणून बसत होतीस.

“पोलीस येते, भाषण देते. पोरं टाळ्या वाजवते आन् घरी जाते,” तू विभागाच्या मॅडमना सांगितलंस, आणि त्या ऐकत राहिल्या, कारण तुझ्या बोलण्यात आगाऊपणा कधी नसायचा. “ज्याले फसवलं तो त्या हॉलमंदी हात वर करन का, मॅडम? तो आपल्यासारख्यालेच सांगन. एकटं असन तेव्हा.”

पहिल्या पोस्टरवरून आपण भांडलो. मी लिहिलं होतं, ‘अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नये.’ तू हसत सुटलीस. हसताना तुझ्या बरगड्या दुखायच्या, म्हणून एका हातानं कूस दाबून हसत होतीस. “टिचकी? कोणाच्या डोक्यावर मारतेस वं?” मग माझा पेन घेऊन तू लिहिलंस: ‘लिंक आली? थांब. घाई त्याले आहे, तुले नाही.’ मी म्हटलं, विद्यापीठात असं बोलीतलं लावतात का? तू म्हणालीस, “घाबरलेला माणूस प्रमाण भाषेत वाचते का?” पोस्टर तुझंच लागलं. पुढच्या मंगळवारी चौघं आली. त्यातला एक फक्त पोस्टर कोणी लिहिलं ते बघायला आला होता.

त्या दीड वर्षात काय काय आलं आपल्या टेबलावर. बनावट नोकऱ्या, परीक्षेचा पेपर मिळवून देणारे, कर्जाची ॲपं, एका मुलीच्या फोटोत फेरफार करून तिलाच धमकावणारा. तिच्याशी तू दोन तास बोललीस आणि मला एकही प्रश्न विचारू दिला नाहीस. मी वहीत मुद्दे लिहायची, तक्रार कुठे करायची ते सांगायची, स्क्रीनशॉट जपून ठेवायला लावायची. ते काम मला चांगलं यायचं. पण माणूस येऊन बसल्यावर पहिली पाच मिनिटं तो तुझ्याकडेच बघायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, प्रणाली. हे तुला कधी सांगितलं नाही.

आता सूरजबद्दल.

त्या दिवशीही मंगळवारच होता. सूरजचा रूममेट धावत आला. सूरज आपल्या एक वर्ष मागे, कन्हानचा, सकाळच्या प्रॅक्टिकलसाठी नंदनवनात खोली घेऊन राहायचा. “ताई, तो सकाळपासून दार उघडून नाही राहिला. आतून ‘हो सर, हो सर’ आवाज येते. व्हिडिओ कॉलवर कोणी पोलीस साहेब आहे म्हणे. मले म्हणे, तू जाय, नाही तर तुलेही उचलतील.”

आपण ऑटोनं गेलो. पहिल्या मजल्यावरची खोली, खाली घरमालकीणबाई दाराशी उभ्या. तुझे गुडघे त्या दिवशी धरले होते. जिना चढताना तू प्रत्येक पायरीवर थांबत होतीस आणि मी तुझ्या पुढे धावत गेले. दार बडवलं. ओरडले, “सूरज, हे सगळं खोटं आहे! डिजिटल अरेस्ट असं काही नसतं! फोन बंद कर!” मी बरोबर तेच सांगत होते. आतला आवाज एकदम बंद झाला. मग रडका, दबका आवाज आला, “ताई, तुम्ही जा. तुमच्यावरही केस होईल.”

तू वर पोचलीस. मला हातानं बाजूला केलंस आणि दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसलीस.

“सूरज, मी प्रणाली. उमरेडची. तू दार नको उघडू. मी काही जबरदस्ती नाही करून राहिली. फक्त बसून राहिली इथं. माहे पाय दुखून राहिले, म्हणून.”

मग तू तुझी शिष्यवृत्तीची गोष्ट सांगायला लागलीस. दाराला पाठ लावून, जणू बसस्टॉपवर कोणाला सांगावी तशी. ताटाचं, खाली मान घालून जेवण्याचं, आठ दिवसांचं. घरमालकीणबाई अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या आणि तिथेच ऐकत उभ्या राहिल्या. मी घड्याळ बघत होते. मला वाटत होतं, तू वेळ घालवते आहेस.

मग तू विचारलंस, “सूरज, सकाळपासून पाणी पेलास का गा?”

“नाही.”

“त्या साहेबाले विचार. ‘सर, मी पाणी पिऊ का?’ एवढंच विचार. मंग तो काय म्हणते ते पाह्य.”

आपल्याला आतून ऐकू आलं. त्यानं खरंच विचारलं. आणि फोनमधला तो भारदस्त हिंदी आवाज एकदम फाटला. शिवी दिली. कॅमेऱ्यासमोरून हललास तर घरी गाडी पाठवतो म्हणाला.

तू आवाज चढवला नाहीस. “खरा पोलीस पाणी पिऊ देते, गा. खुनी माणसालेही देते.”

किती वेळ गेला ते आठवत नाही. मग कडी वाजली. सूरज दारात उभा होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, कारण त्या ‘साहेबानं’ नीट कपडे घालून बस असं बजावलं होतं. तू बसल्या जागेवरूनच तुझी नेहमी जवळ असायची ती मोठी पाण्याची बाटली वर केलीस. तो उंबऱ्यात बसला आणि ती अर्धी संपवली. पैसे त्यानं अजून पाठवले नव्हते. टेबलावर वहीचं एक पान होतं. त्यावर एकच ओळ लिहिली होती: ‘आई, मी काही केलं नाही.’

ती ओळ मी वाचली. तूही वाचलीस. तू ते पान घडी करून त्याच्या खिशात ठेवलंस. मी ती ओळ लक्षात ठेवली.

पंधरा दिवसांनी विभागाच्या भित्तिपत्रकात मी लेख लिहिला. शीर्षक दिलं, ‘आई, मी काही केलं नाही’. नाव दिलं नव्हतं. ‘कन्हानहून आलेला एक विद्यार्थी’ असं लिहिलं होतं. बंद दार, इस्त्रीचा शर्ट, वहीचं पान, सगळं होतं. लेख चांगला झाला होता. हे मी आजही म्हणेन. कोणीतरी त्याचा फोटो काढला, तो फिरला, फिरत फिरत कन्हानला गेला. शेजारच्या बाईनं सूरजच्या आईला विचारलं, हा तुमचाच का? त्या माउलीला तोपर्यंत काही माहीत नव्हतं. सूरजनं कॉलेजला येणं सोडलं.

तू मला व्हरांड्यात गाठलंस. तुला रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तुझा आवाज खालीच होता.

“ते त्यानं त्याच्या मायले लिहिलं होतं, मुग्धा. तुले नाही.”

“नाव कुठे दिलं मी? आणि हा लेख वाचून परवा दोघी जणी टेबलावर आल्या. एकीला तसाच फोन आला होता, तिनं लगेच कापला. तिचं काय?”

“तिचं चांगलं झालं.”

“मग?”

“मंग काही नाही. गोष्ट त्याची होती. त्याले विचाराची होती.”

“तो हो म्हणाला नसता.”

“हाव,” तू म्हणालीस. “म्हणूनच विचाराची होती.”

त्यानंतर आपण मंगळवारी शेजारी बसायचो आणि फक्त कामाचं बोलायचो. दिवाळी आली, गेली. शेंगांची पुडी टेबलाच्या मधोमध असायची, कोणी सरकवत नव्हतं. मी मनातल्या मनात तुझ्याशी रोज भांडायचे. आजही भांडते. एकाचं दुःख सांगून दुसरा बचावत असेल, तर गप्प राहणं हा चांगुलपणा की नुसता संकोच? मला अजूनही वाटत नाही की मी पूर्ण चुकले होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘पूर्ण कोण म्हणून राहिलं?’ पण हे तुझं वाक्य मीच तयार केलेलं आहे. खरं काय म्हणाली असतीस, ते आता मला कधीच कळणार नाही.

थंडी पडली तशी तुझी दुखणी वाढली. थंडी तुला कधीच मानवायची नाही. एका मंगळवारी तू आली नाहीस, आणि कळलं की दवाखान्यात आहेस. मी भेटायला आले. तुझी आई पलंगाशी स्टुलावर बसून तुझे पाय चोळत होती. मी गेल्यावर ती चहा आणायला म्हणून उठली. आपल्याला बोलता यावं म्हणूनच उठली होती. आणि आपण कशाबद्दल बोललो? प्रॅक्टिकलच्या वह्यांबद्दल. वॉर्डातल्या मांजरीबद्दल. माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याबद्दल. तुझे ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांत पिवळेपणा होता. निघताना तू विचारलंस,

“सूरजले फोन केला का?”

“करते.”

“हाव. कर.”

मी केला नाही. मला वाटलं, तू बरी होऊन येशील, मग दोघी मिळून करू. आधी परीक्षा होऊन जाऊ दे. असली कारणं माणसाला किती पटकन सुचतात. चौथ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला.

तेराव्याला मी उमरेडला आले. तुझं घर पहिल्यांदा पाहिलं. दीड वर्षात तू तीनदा बोलावलं होतंस. अंगणात पंगत बसली होती आणि पाण्याचा जग घेऊन जो वाढत होता, तो सूरज होता. माझ्या पेल्यात त्यानं पाणी ओतलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या पानाकडे गेला.

परतीच्या एसटीसाठी आम्ही दोघंच थांब्यावर उभे होतो. बस येईना. शेवटी मीच म्हटलं, “सूरज, मी लिहायला नको होतं.” किती साधं वाक्य. तीन महिने ते मला जमलं नव्हतं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “नाव नव्हतं टाकलं तुम्ही, हे खरं आहे, ताई. पण माझी आई ते शीर्षक वाचून रडली. तिले वाटलं, मी तिच्यावर भरोसा नाही केला. अजूनही तिले वाटते.” मग म्हणाला, “प्रणालीताई दर रविवारी फोन करत. दवाखान्यातूनही केला. कॉलेजचं नाही विचारत होत्या. भाजी काय केली, आई कशी आहे, एवढंच.”

“माझ्याबद्दल काही बोलायची?”

“एकदा मी तुमच्याबद्दल वाईट बोललो. तर म्हणाल्या, असं नको बोलू. तिले घाई असते, पण तिच्या मनात खोट नाही.”

बस आली. तो पुढच्या सीटवर बसला, मी मागे. नागपूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून होते. तू माझी बाजू घेतलीस. मला न सांगता, मी तुझ्याशी अबोला धरून बसले होते तेव्हा. मला हे आधी कळलं असतं, तर मी धावत आले असते, प्रणाली. तुला ते ठाऊक असणार. आणि बहुतेक म्हणूनच तू सांगितलं नाहीस. मी तुझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी फोन करावा, असं तुला वाटत होतं. सूरज या सत्रात परत येतोय. त्यात माझं काही नाही. ते तुझे रविवार आहेत.

आता शेवटचं.

या शुक्रवारी मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि गोंद घेऊन विभागात फिरले. आपल्या सगळ्या पोस्टरांवर खाली तुझा नंबर आहे. माझ्या बाबांनी ‘मुलीचा नंबर भिंतीवर नको’ म्हटलं होतं, तेव्हा तू तुझा लिहून टाकला होतास. तो आता झाकायला हवा होता. ग्रंथालयातलं झाकलं, कॅन्टीनमधलं झाकलं. मुलींच्या वसतिगृहाच्या जिन्यातल्या पोस्टरपाशी आले आणि हात पुढे जाईना. मनात आलं, नंबर एव्हाना बंद झाला असेल. एकदा लावून बघू. बंद आहे असं ऐकू आलं की पट्टी लावणं सोपं जाईल.

रिंग गेली. तिसऱ्या रिंगला कोणीतरी उचलला.

“हॅलो. प्रणालीची आई बोलून राहिली. माही पोरगी नाही राहिली, बाई. पण तू बोल. काय झालं? कोणी भेवाडलं का तुले?”

मी पट्टी तशीच हातात धरून राहिले. तुझ्या आईनं स्क्रीनवरचं नाव वाचलं नसणार; तिला वाटलं, घाबरलेली कोणी पोर आहे. ती सावकाश सांगायला लागली, “हे पाह्य, एक-दोन फोन येतच राहतेत. मले त्यातलं काही समजत नाही. ते लिंक का काय, ते नाही येत मले. मी एवढंच म्हणतो, पहिले त्या माणसाचा फोन ठेव. मंग तुह्या मायले सांग. माय मारन, पण मंग जवळ घेईन. आन् मायले नाही सांगता येत, तर मले सांग.”

“काकू,” मी म्हटलं, “मी मुग्धा.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मुग्धा! काय करून राहिली बाई?”

मी खरं सांगितलं. पट्ट्यांचं, गोंदाचं.

“काहून झाकून राहिली?” ती म्हणाली. “राहू दे ना. घरात दिवसभर कोणी नसते. फोन वाजला तं बरं वाटते मले.”

मी जिन्यावर बसले. वर-खाली मुली जात होत्या. मला काहीतरी बोलायचं होतं, तुझ्याबद्दल, दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल, ती चहा आणायला उठली आणि आपण मांजरीबद्दल बोलत बसलो त्याबद्दल. पण नुसता माझा श्वास तिला ऐकू जात असणार, आणि तिचा मला.

तिनं फोन ठेवला नाही.